खोटे शोधताना खऱ्या कुठं राहिल्या?

गेली दीड-दोन वर्षं आपल्याकडं, म्हणजे सातारा-सांगलीत, अपंगत्वावर जेवढं बोललं गेलं तेवढं मागच्या वीस वर्षांत बोललं गेलं नसेल. पण त्यातलं जवळजवळ सगळं बोलणं 'बोगस' या एका गोष्टीभोवती फिरतं. २०२४ च्या पावसाळ्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राचं प्रकरण देशभर गाजलं, मग सरकारी नोकरांच्या दिव्यांग प्रमाणपत्रांची फेरतपासणी निघाली आणि जिल्हा परिषदेच्या शाळांमधून 'संवर्ग एक'चा, म्हणजे बदल्यांत दिव्यांग वगैरेंना प्राधान्य देणाऱ्या गटाचा, हिशेब सुरू झाला. कुणाला म्हणे ऐकू येत नाही आणि तो मोबाईलवर तासभर बोलतो. कुणाचा पाय अधू आणि तो दुचाकीवरून कासला फुलं बघायला जातो. श्रवणयंत्र लावून फोनवर बोलता येतं आणि अधू पायानं गिअर नसलेली गाडी चालवता येते, हे किस्सा सांगणाऱ्याच्या गावी नसतं, पण ते असो. माझं म्हणणं असं की हा वाद चुकीच्या टोकानं धरला गेलाय. यादीत घुसलेले खोटे किती, हे मोजायला आपण निघालो. यादीत कधी आल्याच नाहीत अशा खऱ्या बायका किती, हे विचारायचं राहूनच गेलं. आणि हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

बोगस प्रमाणपत्र ही किरकोळ बाब आहे असं मी म्हणत नाही. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा, उच्च शिक्षणात ५ टक्के. एवढ्याशा वाट्यात एक खोटा शिरला की एक खरा बाहेर पडतो, आणि बाहेर पडणारी व्यक्ती बाई असण्याचाच संभव जास्त, कारण रांगेत ती मुळातच शेवटी उभी असते. तेव्हा तपासणी हवी. पैसे घेऊन सही करणाऱ्या डॉक्टरावरही कारवाई हवी, ज्याचं नाव या किश्शांमध्ये सहसा येतच नाही. इथवर माझं आणि तपासणीवाल्यांचं भांडण नाही. भांडण आहे ते त्यांच्या पुढच्या गृहीतकाशी: खोटे काढले की खऱ्यांना आपोआप न्याय मिळेल. रिकाम्या झालेल्या जागेवर येऊन कोण बसणार? जिच्याकडं प्रमाणपत्रच नाही, ती?

आकडे बघू. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यात बायका १ कोटी १८ लाख, म्हणजे ४४ टक्के. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत पुरुषांमध्ये अपंगत्वाचं प्रमाण २.४ टक्के आणि स्त्रियांमध्ये १.९ टक्के निघालं. आता जागतिक आरोग्य संघटनेचा २०११ चा अहवाल घ्या. तिथं प्रौढ पुरुषांमध्ये १२ टक्के आणि प्रौढ स्त्रियांमध्ये १९.२ टक्के. व्याख्या वेगळ्या, मोजायची रीत वेगळी, त्यामुळं आकड्याला आकडा लावून भागणार नाही, हे कबूल. पण पारडं तिकडं एका बाजूला आणि आपल्याकडं बरोबर उलट्या बाजूला झुकावं, याला काही कारण हवं की नको?

एक कारण लगेच पुढं केलं जातं. पुरुष बाहेर राबतो, हायवेवर दुचाकी चालवतो, कारखान्यात, खाणीत, उसाच्या ट्रॉलीवर काम करतो, म्हणून हातपाय गमावणाऱ्यांत पुरुष जास्त. यात तथ्य आहे. पण अपंगत्व म्हणजे फक्त अपघात नव्हे. बायका पुरुषांपेक्षा जास्त वर्षं जगतात, आणि दृष्टी, ऐकणं, सांधे यांची झीज त्याच वाढीव वर्षांत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी म्हाताऱ्याचं होतं, म्हातारीचं 'पुढच्या सुगीनंतर'. बाळंतपणात बिघडलेलं शरीर, कडबाकुट्टीत गेलेली बोटं, चुलीवर भाजून आखडलेला हात: हे घरात घडतं म्हणून त्याला अपघात म्हणायची आपल्याला सवय नाही. आणि कमी आकड्याचं सोयीचं स्पष्टीकरण देण्याची चूक तर आपण आधीही केलेली आहे. २००१ मध्ये सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागं ८५१ मुली होत्या. तेव्हाही निसर्गाकडं बोट दाखवणारे होतेच. मार्च २०१७ मध्ये म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण निघाले तेव्हा निसर्गाचं नाव घ्यायला कुणी उरलं नाही. फरक एवढाच की त्या मुली जन्मालाच येऊ दिल्या गेल्या नाहीत. इथं बाई जिवंत आहे, घरात आहे, बसल्या जागी भाकरी थापते, भावाची पोरं सांभाळते. फक्त कागदावर नाही. त्याच २०१८ च्या पाहणीत देशातल्या अपंग व्यक्तींपैकी जेमतेम २८.८ टक्क्यांकडं प्रमाणपत्र होतं. म्हणजे दहातल्या सातांकडं नव्हतंच, आणि आपण उरलेल्या तिघांतला खोटा कोण यावर भांडतोय.

मग बाई कागदावर का येत नाही? याचं उत्तर सरकारी कचेरीत शोधण्याआधी आपल्या उंबऱ्याच्या आत शोधावं लागेल. 'लग्न जमेपर्यंत राहू दे.' 'धाकटीचं उरकू दे, मग हिचं बघू.' 'एकदा नावापुढं अपंग लागलं की संपलं.' ही वाक्यं बोलणारे आईबाप दुष्ट नसतात. उलट माझ्या विरोधातला सगळ्यात बळकट मुद्दा त्यांच्याकडंच आहे. ते म्हणतात, प्रमाणपत्र देऊन तुम्ही आमच्या पोरीला काय देणार? महिन्याला काही रुपये आणि एक कार्ड. त्या बदल्यात आम्ही काय गमावणार? तिचं स्थळ, तिच्या बहिणीचं स्थळ, गावातलं बोलणं. हा हिशेब भावनेचा नाही, चोख व्यवहाराचा आहे. आणि तो त्यांना कायद्यानंही शिकवलाय. हिंदू विवाह कायद्यात फेफऱ्याचा आजार हा १९९९ पर्यंत लग्नाला अडसर मानलेला होता. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ पर्यंत कायद्यात होतं. पिढ्यान् पिढ्या कायदाच सांगत राहिला की दुखणं उघड झालं तर लग्न मोडू शकतं. मग घरच्यांनी ते झाकलं तर दोष एकट्या घरच्यांचा कसा?

तरीही झाकण्यानं पोर सुरक्षित होते का? झाकून केलेलं लग्न पहिल्या वर्षात उघडं पडतं, आणि त्यानंतर तिच्या हातात काही उरत नाही. सासरचे 'फसवलं' म्हणतात, आणि फसवणूक हे लग्न रद्द करायचं कारण आजही कायद्यात आहे. माहेरी परत आलेल्या त्या बाईकडं ना शिक्षण, ना प्रमाणपत्र, ना मिळकत. लग्न झालंच नाही तर? मग ती भावाच्या संसारात बिनपगारी माणूस होते आणि आईबाप गेल्यावर प्रश्न होते. म्हणजे लपवण्यानं संरक्षण मिळतं ते घराच्या अब्रूला, तिला नाही. जाता जाता आणखी एक. दिव्यांग व्यक्तीशी अव्यंग व्यक्तीनं लग्न केलं तर सरकार अनुदान देतं. हेतू चांगला असेल आणि योजना स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. पण आपल्या समाजात मुलीच्या बाबतीत तिचा अर्थ काय लागतो, हे मंत्रालयात बसलेल्यांना कळत नसेल असं वाटत नाही. 'पोरगी घ्या, वर पैसे देतो' ही भाषा आपल्या ओळखीची आहे. हुंडाबंदीच्या कायद्यानं जे दार बंद केलं त्याच्याच शेजारी सरकारनं ही खिडकी उघडावी हे मला खटकतं.

लाजेखातर झाकल्या गेलेल्या बाईपर्यंत पोचायचं कसं, हा प्रश्न महाराष्ट्रानं एकदा सोडवलेला आहे, आणि तो सोडवणाऱ्यांची मुळं सातारा जिल्ह्यातच आहेत. जोतिरावांचं घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं, सावित्रीबाई खंडाळ्याजवळच्या नायगावच्या. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्या काळी गरोदर राहिलेल्या विधवांची कुठं यादी होती? 'अशा बायका आमच्यात नाहीत' असंच प्रत्येक घर सांगत होतं. फुल्यांनी आधी गणती करा, पुरावा आणा, खरी कोण नि खोटी कोण ते ठरवा, असा आग्रह धरला असता तर एक बाई त्या दारात आली नसती. त्यांनी दार आधी उघडलं, गुप्ततेची हमी दिली, आणि बाया आल्या. आज आपलं दिव्यांग खातं नेमकं उलटं करतं. शिबिराचा मंडप, लाऊडस्पीकरवरून नाव, साहित्यवाटपाचा फोटो, दुसऱ्या दिवशी तो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. ज्या बापाला पोरीचं नाव गुपचूप नोंदवायचं आहे, तो या मंडपात पाय ठेवेल?

आता मंडपापर्यंतच्या वाटेबद्दल. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रानं नियम बदलले. प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर गेली. हे सगळं बोगसगिरी रोखण्यासाठी. खोटं प्रमाणपत्र काढणाऱ्याला तीन महिने थांबायला काय अडचण आहे? त्याच्याकडं एजंट आहे, गाडी आहे. अडचण आहे ती जत तालुक्याच्या पूर्वेला उमदीकडं राहणाऱ्या बाईला. जिल्ह्याचं ठिकाण तिला शंभर किलोमीटरच्या पुढं. एकटीला जाता येत नाही, म्हणून भावानं किंवा नवऱ्यानं रोजगार बुडवायचा. पहाटेची एसटी धरायची. बसभाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण ती सवलत कार्ड दाखवल्यावर, आणि आपण निघालोय ते कार्ड काढायलाच. मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे, ते उपयोगी पडतं. पण तिकीट अर्धं झालं म्हणून बसची पायरी खाली आली नाही. मग दिवसभर पाणी प्यायचं नाही, कारण स्थानकावरच्या स्वच्छतागृहात तिला बसता येत नाही. तिथं पोचल्यावर कळतं की कानाचे डॉक्टर आज नाहीत, पुढच्या बुधवारी या. पुरुष पुढच्या बुधवारी येतो. बाई येत नाही. ती खोटी होती म्हणून आली नाही, असं संगणकात नोंदलं जात नाही एवढंच. पण तिच्या नावापुढची जागा कोरी राहते आणि आपण आकडा बघून म्हणतो, बायकांमध्ये प्रमाण कमी आहे.

इमारतींबद्दल लांबण लावत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. ती २०२२ मध्येच सरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राजीव रतुडी खटल्यात सांगावं लागलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशीचे ठेवून चालणार नाही, बंधनकारक करा. तुमच्या तालुक्याची पंचायत समिती बघा आणि मीटिंगचा हॉल कितव्या मजल्यावर आहे ते बघा.

जास्त वेळ थांबायला हवं ते शरीराच्या हक्कापाशी, कारण इथं आपल्या सभ्य चर्चा हमखास पाय काढता घेतात. फेब्रुवारी १९९४. पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. आजार काही नव्हता. कारण सांगितलं गेलं ते हे की पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता ठेवता येत नाही. स्त्री संघटनांनी रान उठवलं तेव्हा ते थांबलं. बाजू घेणारे तेव्हाही पुष्कळ होते, आणि त्यांचा युक्तिवाद आजही घरोघर ऐकू येतो: तुम्हाला काय जातंय बोलायला, दर महिन्याला आवरायचं आईला पडतं, आणि उद्या कुणी हात लावला तर निस्तरायचं कुणी? आईच्या थकव्याची चेष्टा मला करायची नाही. तीस वर्षांच्या मुलीचे कपडे बदलणारी साठीची बाई काय सोसते ते तिलाच माहीत. पण या युक्तिवादाचे दोन तुकडे वेगळे करून बघा. पहिला आवरण्याचा. त्याला उत्तर पाणी, मोरी, कापड आणि मदतीला माणूस हे आहे. ते द्यायचं नाही म्हणून अवयव कापायचा? दुसरा तुकडा जास्त भयंकर आहे. गर्भाशय काढल्यानं बलात्कार थांबत नाही, फक्त त्याचा पुरावा राहत नाही. म्हणजे ही शस्त्रक्रिया बाईला वाचवत नाही, पुरुषाला वाचवते. आईच्या काळजीतून निघालेली गोष्ट कुणाच्या पथ्यावर पडते, हे आपण तिला समजावून सांगणार की नाही?

२००९ मध्ये चंडीगडचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरकारी निवासगृहातल्या, सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका तरुणीवर तिथंच अत्याचार झाला होता, ती गरोदर होती. उच्च न्यायालयानं गर्भपाताचा आदेश दिला. तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयानं तिचं ऐकलं, सांगितलं की तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही. निकालावर मतभेद असू शकतात, माझेही काही प्रश्न आहेत. तिच्या पाठीशी पुढं कोण उभं राहणार होतं हा त्यातला मोठा. पण 'तिला काय वाटतं' हा प्रश्न विचारला गेला, आणि त्या उत्तराला वजन मिळालं. २०१६ च्या कायद्यात हे आता स्पष्ट आहे. वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया तिच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. तिच्या स्पष्ट संमतीशिवाय गर्भपात करणं हा सहा महिने ते पाच वर्षं कैदेचा गुन्हा आहे. अपवाद फक्त तीव्र अपंगत्वाचा, आणि तिथंही डॉक्टरचं मत आणि पालकाची संमती लागते. १९९५ च्या जुन्या कायद्यात बायकांसाठी स्वतंत्र कलम नव्हतं, २०१६ च्या कायद्यात आहे. मिरज ही अख्ख्या दक्षिण महाराष्ट्राची वैद्यकीय पेठ. इथल्या किती दवाखान्यांत हे कलम भिंतीवर लावलेलं दिसतं? गर्भलिंगनिदान करत नसल्याची पाटी दिसते, कारण ती लावणं सक्तीचं आहे. मग हीही सक्तीची करायला कोणती अडचण आहे?

इथं कुणीतरी हमखास म्हणतं की जिद्द असेल तर काहीही अडत नाही, आणि उदाहरणंही सांगलीचीच देतं. वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर: १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्ण, भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी: २०२४ मध्ये पॅरिसला गोळाफेकीत रौप्य. दोघांचाही अभिमान आहे. पण भारतीय स्त्रीला पहिलं पॅरालिंपिक पदक कधी मिळालं? २०१६ मध्ये, रिओला, दीपा मलिक यांना. मधली ४४ वर्षं बायकांना जिद्द नव्हती? पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले. ते सैनिक होते, म्हणून त्यांच्यामागं लष्कराचं रुग्णालय होतं, पोहण्याचा तलाव होता, आणि मुख्य म्हणजे त्यांचं नाव एका खात्याच्या दप्तरात होतं. जिद्द त्यांची, दप्तर लष्कराचं. दोन्ही एकत्र आल्यावर पदक आलं. घरातल्या चुलीपाशी जखमी झालेल्या बाईचं नाव कुठल्या दप्तरात आहे? २०११ च्या आकड्यांत अपंग पुरुषांपैकी ६२ टक्के साक्षर होते, अपंग स्त्रियांपैकी ४५ टक्के. हे अंतर जिद्दीचं नाही.

पैशाबद्दल सध्या जो सूर आहे तो तर ऐकवत नाही. 'यांना सगळीकडून मिळतं.' खरंच? संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांग व्यक्तीला पेन्शन मिळवायला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं. जुलै २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' आली. तिथं उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि रक्कम दीड हजार. अट अशी की दुसऱ्या योजनेतून दीड हजार किंवा जास्त घेणारी बाई अपात्र. संजय गांधीची रक्कम तेव्हा दीड हजारच होती. म्हणजे पाचपट उत्पन्न असलेल्या धडधाकट शेजारणीला जेवढे, तेवढेच घरी पडून असलेल्या अपंग बाईला. राज्यानं तिला सांगितलं, तू एक तर बाई हो नाहीतर अपंग. दोन्ही एकदम नको. आणि २०१६ च्या कायद्याचं कलम २४ सांगतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मदत असावी. पुढं २०२५ मध्ये दिव्यांगांची रक्कम अडीच हजार करण्याचा निर्णय झाला, त्याचं स्वागत. पण 'डबल लाभ' घेणाऱ्या म्हणून याद्यांतून नावं खोडताना या कलमाची आठवण कुणाला झाली? डबल लाभ हा शब्द तरी कसा सुचतो? तिचा खर्च डबल आहे. रिक्षा, सोबतीचं माणूस, डायपर, गोळ्या. शिवाय ती रक्कम जाते कुठं, हा वेगळाच विषय. खातं तिचं, अंगठा तिचा, एटीएम कार्ड दिराच्या खिशात. पेन्शनची तपासणी करायचीच असेल तर ही करा.

शेवटचा आक्षेप खर्चाचा. गावात अशा बायका असून असून किती, पाच-सात, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप? हाच प्रश्न साताऱ्यात शंभर वर्षांपूर्वी विचारला गेला असणार. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काल्याला रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. त्यांचं मोठेपण शाळा काढण्यात जितकं, तितकंच वसतिगृह काढण्यात आहे. शाळा तेव्हाही होत्या. पण खेड्यातल्या गरिबाच्या पोराला त्या शाळेत टिकायचं तर आधी झोपायला जागा आणि भाकरी लागते, हे त्यांनी ओळखलं. शाळा उघडी आहे, ज्याला यायचं त्यानं यावं, असं म्हणून ते थांबले नाहीत. बोर्डिंगातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या वेळी कुणी म्हटलं असेल का, की पोरं असून असून किती? आज अपंग मुलीसाठी हीच अडचण तशीच्या तशी आहे. दहावीपर्यंत ती गावात कशीबशी शिकते. अकरावीला एसटीनं तालुक्याला जायचं म्हटलं की शिक्षण थांबतं, कारण पायरी चढता येत नाही आणि उतरल्यावर सोबत कुणी नाही. शेजारी कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी, ज्या स्वतः चाकाच्या खुर्चीवर आहेत, १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली आणि वसतिगृहापासूनच कामाला हात घातला. एका बाईला हे जमतं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांना मिळून, तालुक्याच्या ठिकाणी अपंग मुलींसाठी जिना नसलेलं, रात्री काळजी घेणारी बाई असलेलं वसतिगृह का जमू नये? स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. बहुतेक ठिकाणी ते पैसे दिवाळीच्या तोंडावर रोख वाटले जातात, चार-दोन हजार ज्याच्या-त्याच्या हातात, आणि विषय संपतो. वीस ग्रामपंचायतींनी ती रक्कम एकत्र केली तर काय उभं राहील याचा हिशेब एखाद्या ग्रामसभेत मांडून बघा.

१ मार्च २०२७ ही पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख आहे. प्रगणक दारात येईल, कुटुंबप्रमुख खुर्चीवर बसून उत्तरं देईल. घरात कुणी अपंग आहे का? 'नाही.' पुढचा प्रश्न. प्रगणकांना प्रशिक्षण देताना निदान एवढं शिकवावं की हा प्रश्न घरातल्या प्रत्येक बाईबद्दल नाव घेऊन विचारायचा: कमलला नीट दिसतं का, चार पायऱ्या चढता येतात का, हाक मारली तर ऐकू येते का. 'अपंग' हा शिक्का न लावता विचारलं की आईसुद्धा खरं सांगते. आशा आणि अंगणवाडीच्या बायकांना हे आधीच ठाऊक असतं. त्यांना कोणत्या घरात कोण झाकलेलं आहे ते माहीत असतं, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

आणि जनगणनेची वाट बघायला वेळ नाही असं एक काम पुढच्या पावसाळ्याआधीच करायला हवं. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेनं सांगली बुडवली, ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली. २०२१ ला पुन्हा पूर. २०१६ च्या कायद्याचं कलम ८ सांगतं की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या अपंग व्यक्तींची नोंद ठेवायची आणि धोका आला की त्यांना कळवायचं. दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांनी ही यादी गावनिहाय करावी, त्यात बायकांचा रकाना वेगळा ठेवावा, ज्यांच्याकडं प्रमाणपत्र नाही त्यांचीही नावं आशाताईंना विचारून घ्यावीत. कोणत्या घरात, कितव्या खोलीत, उचलायला किती माणसं लागतील, औषध कोणतं, खुर्ची नावेत मावते का. आणि ती यादी नुसती तलाठ्याच्या कपाटात नको, पूर आल्यावर ज्या पोरांच्या हातात नाव असते त्यांच्याकडं आधी पोचलेली हवी.